भुकेची चिठ्ठी

मिरजेत, जिथे एका दवाखान्याची पाटी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते अशा रस्त्यावर, मामंजींनी मांडलेले औषधांचे दुकान मी पाहू लागले त्या काळी भुकेसंबंधी जी मागणी गल्ल्यापाशी येई ती एकाच जातीची असे: भूक लागत नाही, काहीतरी द्या. जतकडून पहाटेच्या गाडीने आलेली लेकुरवाळी, अथणी-चिकोडीकडची कानडी हेल काढून मराठी बोलणारी आजी, क्षयाच्या गोळ्यांनी अन्नावरची वासना उडालेला इचलकरंजीचा मागवाला, या सर्वांना सायप्रोहेप्टाडिनचे गोड सरबत हवे असे, आणि त्या बाटल्यांवर धूळ म्हणून कधी बसली नाही. अन्न आहे पण भूक नाही, किंवा भूक आहे पण अन्न नाही, या दोन दुःखांची आमच्या दुकानाला पिढीजात ओळख होती. अन्न आहे, भूकही आहे, आणि ती भूकच नको झाली आहे, अशी तिसरी तक्रार घेऊन माणसे रांगेत उभी राहू लागली ती अगदी अलीकडे. आणि तिच्यावर खरोखर गुणकारी असा उपाय कपाटात असण्याचा प्रसंगही माझ्या हयातीत प्रथमच आला.

वजन उतरवणारी औषधे तशी आमच्या कपाटाला अपरिचित नव्हती. परंतु त्यांचा पूर्वेतिहास काही स्पृहणीय नव्हता. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपांना इजा करते असे उघडकीस येऊन ते 1997 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून उठले. रिमोनाबँट भूक मारता मारता माणसाचे मनही काळवंडून टाकी, म्हणून 2008 मध्ये युरोपने त्याची विक्री थांबवली. आणि सिब्युट्रामीन, ज्याच्या स्ट्रिपा मी माझ्या हातांनी चिठ्ठ्यांवर दिल्या होत्या, ते हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढवते असे ठरून 2010 मध्ये अमेरिका-युरोपातून गेले आणि पाठोपाठ आपल्याकडेही बंद झाले. उरलेला माल स्टॉकिस्टाकडे परत धाडताना मामंजींनी त्याची रीतसर यादी केली आणि खाली आपल्या मोडी वळणाच्या अक्षरात शेरा मारला की, भुकेशी वैर करणाऱ्या मालाचा साठा यापुढे करू नये. त्यामुळे 2025 च्या मार्चमध्ये टर्झेपॅटाइडच्या कुप्या मौंजारो या नावाने भारतात विक्रीस आल्या, आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही हे पेन आले, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीचे चकचकीत तक्ते मी पाहिले ते संशयाच्याच चष्म्यातून.

हे औषध निराळ्या कुळातील आहे, हे समजून घेण्यासाठी मला दुकान बंद झाल्यावर बरेच वाचीत बसावे लागले. जेवण आतड्यात उतरू लागले की आतड्याच्या अस्तरातील काही पेशी जीएलपी-1 नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूतील क्षुधेच्या केंद्रांना 'पुरे झाले' अशी वर्दी देते. निसर्गाने ही वर्दी क्षणजीवी ठेवली आहे. शरीरातीलच एक विकर अवघ्या दोनेक मिनिटांत तिचा निकाल लावते. अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात याच संप्रेरकाशी साम्य असणारा, परंतु सहजी न मोडणारा पदार्थ जॉन एंग या संशोधकाला सापडला, त्यावरून सिद्ध झालेले एक्झेनाटाइड 2005 मध्ये मधुमेहासाठी तिकडे मान्य झाले, आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी मानवी संप्रेरकाच्या रेणूलाच स्निग्धाम्लाची शेपटी जोडून तो रक्तातील अल्ब्युमिनला बिलगून राहील अशी तजवीज केली. तेव्हा जी वर्दी दोन मिनिटांत विरत होती ती प्रथम दिवसभर आणि पुढे सेमाग्लुटाइडच्या रूपाने आठवडाभर टिकू लागली. टर्झेपॅटाइड याच्या जोडीला जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकाचे काम करते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 68 आठवड्यांअखेर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी 15 टक्क्यांच्या घरात उतरले होते, आणि औषधाविना नुसते इंजेक्शन घेणाऱ्यांचे अडीच टक्केही नाही. टर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने तर हा आकडा 20 टक्क्यांच्या पुढे नेला. पण माझ्या मनाचा फैसला झाला तो 2023 च्या चाचणीने: हृदयरोग जडलेल्या, स्थूल, पण मधुमेह नसलेल्या 17,604 माणसांत सेमाग्लुटाइडने झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पाचव्या हिश्शाने घटवले. ज्या अवयवापायी आधीची दोन औषधे बाद झाली, त्याच अवयवाचे हे औषध रक्षण करते असे दिसल्यावर, मामंजींचा शेरा या एका मालापुरता रद्द समजण्यास हरकत नाही असे मी ठरवले.

जयसिंगपूरकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई माझ्या पहिल्या नियमित गिऱ्हाइकांपैकी. वजन 104 किलो, गुडघे जिना चढू देत नाहीत, शुगर आहे, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकाला यंत्राचा मुखवटा लावून निजावे लागते, अशी त्यांची अवस्था होती. चिठ्ठी पुढे करताना त्यांनी ती घडी न मोडताच दिली, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडे एकवार पाहून घेतले; गुप्तरोगाच्या औषधाची चिठ्ठी लोक जशी देतात तशी. दोनअडीच महिन्यांनी त्या आल्या त्या वेळी दुकानात गर्दी नव्हती, आणि त्या आपण होऊन बोलल्या. "ताई, तासाला फळ्यापुढे उभी असले तरी माझं निम्मं चित्त डब्यात असायचं. सकाळचे पोहे आठवायचे, दुपारच्या भाकरीचा हिशेब चालायचा, घरी गेल्यावर डब्यात चिवडा किती उरला असेल याचा अंदाज चालायचा. लोक म्हणायचे, जिभेवर ताबा ठेवा. आता ते डोक्यातलं चालणंच थांबलंय. मला एक सांगा, जे जन्माचे बारीक असतात ते पहिल्यापासून इतके निवांत असतात का हो?"

या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. आपल्याकडे संयमाची थोरवी इतकी गायिली गेली आहे, आणि एकादशीपासून दिवसातून दोनदाच जेवण्याच्या दीक्षित पद्धतीपर्यंत पोटाला शिस्त लावण्याचे मार्ग इतके घरोघर पोचले आहेत, की जो त्यात हरतो त्याच्या चारित्र्यातच काही उणे असावे असे आपण न बोलता गृहीत धरतो; आणि मजा अशी की त्याच माणसाने लग्नाच्या पंगतीत तिसरी जिलबी नाकारली तर आपण त्याच्या ताटात ती बळेच टाकून वर रुसतो. बाईंच्या बोलण्यातून मला कळले ते हे की सर्वांची भूक एका मापाची नसते, आणि ज्याला ती जन्मतःच मोठी मिळाली त्याने आजवर केलेला झगडा, तो हरला असला तरी, बारीक माणसाच्या अनायास मिताहारापेक्षा अधिक कष्टाचा होता. हे औषध त्या झगड्यातील पारडे थोडे झुकवते. ते घेणे हा आळशाचा मार्ग आहे असे माझ्या गल्ल्यासमोर उभे राहून कुणी म्हणाले तर मी त्याला रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि दम्याचा पंप यांच्याविषयीही त्याचे हेच मत आहे काय असे विचारते.

आता दुकानाच्या बाजूने. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, आणि आमच्या भागात उन्हाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते आणि न सांगता जाते. फ्रीजला स्वतंत्र बॅटरी आहे. आतल्या तापमापकावरचा आकडा सकाळी कुलूप काढल्यावर आणि रात्री लावण्यापूर्वी वहीत चढवायचा असा शिरस्ता आहे. गिऱ्हाइकाला पेन देताना थर्माकोलच्या डबीत, थंड पाकिटाला थेट टेकणार नाही अशा बेताने कागदात गुंडाळून द्यावे लागते, कारण उष्म्यापेक्षाही गोठणे वाईट. एकदा गोठलेले औषध पुन्हा वितळून दिसायला निर्मळ दिसले तरी ते टाकूनच द्यायचे असते. विजापूरकडच्या एका गृहस्थांनी, जास्त थंड म्हणजे जास्त टिकाऊ या न्यायाने, महिन्याचे औषध बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि चार दिवसांनी फोन करून मोठ्या समाधानाने मला तसे कळवले; काही हजारांचा माल पाण्यात गेला हे त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. सुई बेंबीपासून थोडी दूर, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायची, दर खेपेस जागा बदलायची, आणि आठवड्याचा वार चुकवायचा नाही, हे मी दाखवते. वार लक्षात राहावा म्हणून खेड्यातल्या माणसांना मी त्यांच्या गावच्या बाजाराचा दिवस बांधून देते, आणि शपथेवर सांगते, मोबाइलमधल्या घंटेपेक्षा तो अधिक कामास येतो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघू लागले की निराळ्या प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागते. एक तरुण आला, अंगाने चांगला बांधेसूद, वजन सत्तरीच्या थोडे पुढे, उंची पावणेसहा फुटांची. शेरवानी कमरेला तंग होते एवढेच त्याचे दुखणे.

"काकू, महिन्यात किती उतरेल?"

"चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी कशाला? पैसे देतोय की रोख."

मी त्याला सांगितले की पहिल्या महिन्याची मात्रा वजन उतरवण्यासाठी नसतेच, पोटाला सवय व्हावी म्हणून असते. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून आणि टर्झेपॅटाइड अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी पायरी चढायची. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे त्या चढणीवरचे नेहमीचे सोबती. आणि बोहल्यावर उभे राहून अंतरपाटाआड उलटी आली तर शेरवानीचा प्रश्न सुटेल खरा, पण नको त्या रीतीने. तो हसला, नमस्कार करून गेला, आणि पुढच्या चौकात त्याला ते मिळाले असेल याविषयी मला शंका नाही. नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीविना हे औषध देता येत नाही असा कायदा आहे; औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या 1954 च्या कायद्याने जनतेपुढे ज्या विकारांवरील औषधांच्या जाहिराती मना केल्या, त्या यादीतही स्थूलतेचे नाव आहे. पण व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा विषय मी काढला की कोणीतरी 'आपण नाही दिलं तर शेजारी देतो' हे वाक्य काढतो, मग चहा येतो, आणि विषय तिथेच राहतो. फोनवरून घरपोच येणाऱ्या स्वस्त कुप्यांची गोष्ट तर त्याहून वाईट. बनावट सेमाग्लुटाइड ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या जूनमध्ये जगाला सावध केले होते. बिल नाही, बॅच नंबर नाही, बर्फ नाही, अशी कुपी कोणी मला दाखवायला आणतो तेव्हा तीत काय आहे हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

माझ्या अनुभवात खरा धोका रेणूपेक्षा त्याच्या शेजारी काय आहे यात अधिक वेळा दडलेला असतो. सांगलीचे एक वृद्ध हळद-व्यापारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दुपारी दुकानात आले ते बाकावर बसूनच राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठांभोवती पांढुरकी कड, आणि चिठ्ठी धरलेला हात थरथरत होता. बोटाला सुई टोचून पाहिली तो शुगर 54. ग्लुकोजचे पाणी पाजून, पाव तासाने पुन्हा मोजून, आकडा वर आल्याची खात्री झाल्यावर मी त्यांच्या पिशवीतली कागदपत्रे उलगडली, तर दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या: एकीवर कित्येक वर्षांची ग्लिमेपिराइडची गोळी, दुसरीवर दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेले साप्ताहिक इंजेक्शन. एकट्या इंजेक्शनाने शुगर सहसा फार खाली जात नाही, कारण साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडवते. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन यांना तसा विवेक नाही, आणि जेवण निम्म्यावर आलेले असताना ती जुन्याच मात्रेत चालू ठेवणे म्हणजे उत्पन्न घटल्यावर सारा तोच ठेवण्यासारखे. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या गोळीची खबरच नव्हती, आणि अण्णांच्या मते ती 'नेहमीची' असल्याने सांगण्याजोगी नव्हती. मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि पुढच्या आठवड्यात ती पुरती काढली. तेव्हापासून या औषधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी घरातली सगळी पाकिटे एकदा पिशवीत घालून आणायला लावते.

नवरात्रात असाच एक प्रसंग. नऊ दिवस उपवास करणाऱ्या एका बाईंना मळमळ आधीच होती. त्यात अन्न नाही, पाणी बेताचे, आणि सहाव्या माळेला उलट्या सुरू होऊन सलाईन लावावे लागले. शरीरातले पाणी असे आटले की त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. देवीला हे मान्य नसावे असे मी त्यांना म्हटले, तर त्या म्हणाल्या की देवीची हरकत नव्हती, सासूबाईंची होती.

आणि जेवण कमी झाल्यावर ताटातून पहिल्याने काय उतरते? आमच्याकडच्या ताटात तसेही भाकरी-भाताचे राज्य असते. डाळ, उसळ, दही, अंडे ही रयत. भूक अर्धी झाली की माणूस उसळ बाजूला सारतो आणि चहा-बिस्किटे, तोंडाला चव यावी म्हणून फरसाण, हे मात्र टिकवतो. उतरलेले वजन सगळेच चरबीचे असते असे नाही. 2021 च्या त्याच चाचणीतील ज्या काही जणांच्या शरीराची घटकवार मोजणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन पंचमांश भाग चरबीखेरीजच्या, म्हणजे मुख्यतः स्नायूंच्या बाजूचा होता. आपल्या लोकांना ही गोष्ट अधिक जाचते, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतील माता-बालकांचा जो अभ्यास चालवला त्यातून दिसले ते असे की आपले मूल जन्मतःच वजनाने हलके असूनही चरबीने तुलनेने भरलेले आणि स्नायूंनी तोकडे असते. म्हणूनच आपल्याकडे वजन-उंचीच्या गुणोत्तरातील स्थूलतेची रेघ पाश्चात्यांच्या 30 वर न ओढता 25 वर ओढली जाते. आणि म्हणूनच स्नायूंची जी अल्प पुंजी आहे ती वजनाच्या मोहात उधळणे आपल्याला परवडत नाही. मी शिक्षिकाबाईंना म्हटले होते, आधी वाटीतली उसळ संपवा, मग भाकरीला हात लावा. आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलून का होईना, हातापायांना काम द्या. उसळीचे त्यांनी ऐकले. बाटल्यांचे काय झाले ते मी विचारले नाही.

विरळा असणाऱ्या धोक्यांची यादी पेनाच्या खोक्यातील कागदावर बारीक अक्षरांत असते आणि ती कोणी वाचीत नाही. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि पोटातून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढची सुई न घेता थेट दवाखाना गाठायचा असतो. जुन्या मधुमेह्यांत शुगर एकदम खाली आली की डोळ्याच्या पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. उंदरांत थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसल्यामुळे, तो कर्करोग घरात कोणाला झाला असेल त्याने हे औषध घेऊ नये अशी सक्त ताकीद आहे. मिरजेत राहून एका गोष्टीचा उल्लेख टाळणे मात्र गैर होईल. भूल देण्यापूर्वी रोग्याला उपाशी ठेवतात ते जठर रिकामे असावे म्हणून. आणि हे औषध तर जठर रिकामे होऊ देण्यास विलंब लावते, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकते आणि भुलीखाली ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. आमच्या रस्त्यावरच्या भूलतज्ज्ञ बाई आता नाव-गाव-वय विचारून झाल्यावर चौथा प्रश्न याच इंजेक्शनाचा विचारतात, आणि रोगी पुष्कळदा 'ते औषध नाही हो, वजनाचं आहे' असे म्हणून ते सांगायचे टाळतो.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याची गाठ एका अधिक कठीण प्रश्नाशी आहे. मौंजारोची अडीच मिलिग्रॅमची कुपी आली तेव्हा तिची किंमत 3,500 रुपये आणि पाचाची 4,375 होती. कुपी आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सरकारी कचेरीतल्या एका अव्वल कारकुनांनी हा खर्च काही महिने पेलला, बरेच वजन उतरवले, आणि मुलीचे कॉलेज सुरू झाल्यावर औषध थांबवले. पुढच्या दसऱ्याला ते सोने द्यायला आले तेव्हा त्यांचा जुना शर्ट पुन्हा अंगात बसत होता. ते ओशाळले होते. जणू त्यांनी कोणाचे घेतलेले बुडवले होते. ओशाळण्याचे त्यांना काही कारण नव्हते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येते, असे 2021 च्या चाचणीतील लोकांच्याच पुढील नोंदींवरून दिसले आहे, आणि वजनाबरोबर सुधारलेला रक्तदाबही बराचसा मागे फिरतो. वर्दी देणारा गेला की केंद्रे पुन्हा जुन्या हुकमाने चालू लागतात. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला तर आपण गोळीला दोष देत नाही आणि माणसालाही देत नाही. इथे मात्र दोघांनाही देतो. हे औषध तापाच्या औषधासारखे मुदतीचे समजून घेतले जाते, आणि मुळात ते मुदतीचे नाही. किती वर्षे घ्यावे लागेल, कमी मात्रेवर निभावेल काय, हा विचार पहिली सुई घेण्यापूर्वी डॉक्टरांसमोर बसून करायचा असतो, आणि तो करून आलेली माणसे मला फार थोडी भेटली. भारतातील सेमाग्लुटाइडच्या पेटंटाची मुदत 2026 च्या मार्चमध्ये सरणार हे ठाऊक असल्याने देशी कंपन्यांचे प्रतिनिधी वर्षभर आधीपासूनच मला आपापली नावे सांगून ठेवीत होते. भाव उतरणे कारकुनांसारख्यांच्या हिताचे, यात संशय नाही. शेरवानीवाल्यांचीही त्यात सोय होणार, हे ओघानेच आले.

परवा एक सासू-सून आल्या. सुनेला पाळीची तक्रार, बीजकोशात गाठी, लग्नाला चार वर्षे, मूल नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड लिहून दिले होते आणि चिठ्ठी निर्दोष होती. बोलत होत्या त्या सासूबाई. सून गल्ल्याच्या काचेवरून बोट फिरवीत होती. मी तिला सुई दाखवण्याच्या निमित्ताने आत घेतले आणि विचारले की मुलाचा विचार आत्ताच आहे काय. कारण दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी हे औषध बंद व्हावे लागते, आणि वजन उतरू लागले की चुकलेली पाळी सुधारून नकळत दिवस राहण्याचाही संभव असतो, म्हणून तोवर काळजी घ्यायची असते. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय मला हे. पण घरी मी सांगितलं तर पटायचं नाही. तुम्ही लिहून द्या." मी बिलाच्या पाठीवर स्वच्छ अक्षरांत तसे लिहिले, तारीख घातली आणि खाली दुकानाचा शिक्का उमटवला, कारण शिक्का पाहिला की आमच्याकडे मजकुराला वजन येते.

सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि थर्माकोलच्या डबीकडे पाहत आवाज खाली आणून मला विचारले, "ताई, माझे पण गुडघे लई धरलेत बघा. सुई दुसरी लावली तर ह्याच पेनातनं मला चालंल का?" सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरायचे नाही, एकाच्या रक्तातला रोग त्यातून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, असे मी त्यांना सांगितले. "मग मला येगळं द्या." मी आतली खुर्ची बाहेर ओढून त्यांना बसवले, शुगरच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारले, आणि त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे पाठवताना सोबत न्यायच्या कागदांची यादी करायला घेतली.